मी डॉक्टर न्हाय

मामा, पंखा मी बंद केला. ऐन वैशाखात, माणसांनी भरलेल्या घरात, मयताच्या खोलीतला पंखा बंद करणारी भाची म्हणून आता अख्ख्या तेरमध्ये माझं नाव झालंय. तुम्हाला कारण सांगायची गरज नाही. वाऱ्यानं डोळे सुकतात. मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद, आणि सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं दारात. मी आठवीत असताना तुम्ही हे माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं आणि वर विचारलं होतं, "दिसतंय का, का नुसतं पाठ केलंय?" तेव्हा नुसतं पाठ केलं होतं. तुमच्या पापण्यांवर कापूस ठेवताना दिसलं.

आज सतरावा दिवस. पाहुणे पांगलेत, मामी जेवायला लागल्यात, आणि मी परत ड्यूटीवर आलेय. माझी इंटर्नशिप चालू आहे, ग्रामीण पोस्टिंग धाराशिवजवळच आहे, म्हणून तर त्या सकाळी तासाभरात पोहोचले. पण पोहोचून तुम्हाला जे सांगायचं होतं ते पाच वर्षं राहिलेलं होतं, ते राहिलंच. आता लिहिते. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. तरी लिहिते.

गावात सगळे म्हणतायत, डॉक्टर गेले. ऐकलं की माझ्याच तोंडात उत्तर येतं, "ते डॉक्टर नव्हते." कारण तुम्हीच ते तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलात. ग्रामीण रुग्णालयात तुम्ही नेत्रचिकित्सा अधिकारी. चष्म्याचा नंबर काढायचा, शाळाशाळांतून डोळे तपासायचे, गावोगावी शिबिरं घ्यायची, मोतीबिंदू हुडकून ऑपरेशनला पाठवायचे, हे तुमचं काम. अख्खा तालुका तुम्हाला डॉक्टर म्हणायचा आणि तुम्ही एकालाही सोडायचा नाहीत. एसटीत कुणी म्हणालं, "डॉक्टर, जरा सरकता का?" की तुम्ही सरकायचा आणि सरकता सरकता म्हणायचा, "सरकतो, पण मी डॉक्टर न्हाय. मी डोळं तपासणारा हाय."

मामी वैतागायच्या. "अवं, म्हणू द्या की. त्यांचं काय जातंय?"

"त्यांचं न्हाय, माझं जातंय," तुम्ही म्हणायचा. "उद्या कुणी छातीत दुखतंय म्हणून येईल, अन् मी त्याचं डोळं बघत बसंल व्हय?"

मला त्या वयात ते फार मजेशीर वाटायचं. सुट्टी लागली की बेंबळीहून आई मला तेरला आणून सोडायची, आणि दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्या मोटरसायकलवर मागं. बारा वर्षांची असताना तुम्ही मला पहिलं काम दिलंत: बॅटरी धरायचं. शाळेच्या व्हरांड्यात म्हातारी माणसं ओळीनं बसलेली, तुम्ही एकेकाची पापणी वर करून बघायचा, आणि मी शेजारी उभी राहून डोळ्यात बॅटरीचा उजेड पाडायची. स्टीलची लांब बॅटरी होती, जड. दहा-बारा माणसं झाली की माझा हात थरथरायला लागायचा.

"हात हलवायचा न्हाय, वैजे. उजेड हालला की माणूस बिचकतंय."

"मामा, दुखतोय हात."

"दुसरा हात खाली लाव. पण उजेड हालला न्हाय पायजे."

तुमची ही नजर कुठून आली हे मला आईनं सांगितलं होतं. आज्याची मेंढरं राखताना कुठल्या मेंढीच्या डोळ्यात फूल पडलंय हे तुम्हाला लांबून, तिच्या नुसत्या चालीवरून कळायचं. आंधळी होत चाललेली मेंढी कळपाच्या कडेला चालत नाही, म्हणे, मधे घुसते. नोकरी लागल्यावरही तुम्ही माणसांकडे तसंच बघायचा. लग्नाच्या पंगतीत एखादी म्हातारी भाताऐवजी पत्रावळीच्या कडेला हात लावायला लागली की तुमचं जेवण संपलंच. मग तिच्याशेजारी जाऊन बसायचं, कुठल्या गावच्या, पोरं काय करत्यात, आणि शेवटी, "आज्जी, मंगळवारी दवाखान्यात येता का?" मामी कपाळाला हात लावायच्या.

आणि ते बेंबळीचं शिबिर. मामा, ते आठवलं की मला वॉर्डात उभ्या उभ्या हसू येतं, आणि लोकांना वाटतं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

भिंतीवर तक्ता लावला होता. वाचता न येणाऱ्यांसाठीचा, ज्यात एकच अक्षर उलटंसुलटं फिरवलेलं असतं आणि त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते हातानं दाखवायचं. त्या दिवशी बायकांची रांग होती. पहिलीनं शेवटच्या ओळीपर्यंत सगळं बरोबर दाखवलं. दुसरीनं पण. तिसरी, चौथी, सातवी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, सगळ्यांची नजर गरुडासारखी. मी आपली खूश, की काय हो आमच्या गावच्या बायका. तुम्ही मात्र हनुवटी खाजवत बसला होता. मग उठलात आणि रांगेच्या पार शेवटी गेलात. तिथं गोदाक्का उभी होती आणि डोळे मिटून पुटपुटत होती, "वर, खाली, खाली, डावं, वर, उजवं, खाली…"

"आक्का, हे काय चाललंय?"

गोदाक्का दचकली. मग म्हणाली, "नापास झालं तर डोळं कापत्यात म्हणं. पहिल्या नंबरच्या सुंदरीनं सांगितलं, तसं पाठ केलं समद्यांनी. पास झालाव आमी."

तुम्ही खाली पायरीवर बसलात आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसलात. बायका पण हसायला लागल्या. पण घरी येताना मोटरसायकलवर ते हसू उरलं नव्हतं. नऊ बायका पास होऊन घरी गेल्या असत्या आणि हळूहळू आंधळ्या झाल्या असत्या, हे तुमच्या डोक्यातून जाईना. पुढच्या शिबिराला तुम्ही तक्ता नेला, पण टेबलावर सुई, दोरा आणि ताटात खडे मिसळलेले तांदूळ पण ठेवलेत. "सुई पाठ करता येत न्हाय," असं म्हणालात.

गोदाक्काला चाळिशीचा चष्मा लावल्यावर तिनं सुई एका दमात ओवली. ओवली ती ओवली, आणि इकडंतिकडं बघताना तिला तुमच्या बाहीचं लोंबणारं बटण दिसलं. तिनं तुमचा हात धरून तिथल्या तिथं ते शिवून टाकलं.

"एवढं मोठं डॉक्टर, अन् बटण लावायला बायकू न्हाय व्हय?"

"मी डॉक्टर न्हाय, आक्का."

"मग बराबर हाय," गोदाक्का म्हणाली.

बारावीनंतर डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेत मला मार्क कमी पडले. घरात सुतक असल्यासारखं झालं होतं. आई चुलीपुढं बसून डोळे पुसायची आणि धूर गेला म्हणायची. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, पिशवीत फॉर्म घेऊन. ऑप्टोमेट्रीचा चार वर्षांचा कोर्स, पुण्याला. नजर तपासायचं शिक्षण, तुमच्यापेक्षा कितीतरी जास्तीचं, नव्या मशीनींसकट.

"डोळं तर डोळं. पार पोटापत्तोर शिरायची काय गरज हाय?" तुम्ही म्हणालात, आणि घरात तीन दिवसांनी कुणीतरी हसलं.

अण्णा म्हणाले, ह्यातलं मेव्हण्याला कळतं, त्यालाच सही करू द्या. म्हणून कॉलेजच्या कागदावर पालक म्हणून तुमचं नाव लागलं. दर रविवारी तुमचा फोन यायचा, आणि ख्यालीखुशाली नाही, काही नाही, एकदम, "काय शिकलीस?" ज्या आठवड्यात रेटिनोस्कोप हातात आला तो रविवार मला आठवतो. अंधाऱ्या खोलीत समोरच्याच्या बाहुलीत उजेडाची रेघ टाकायची, ती कुठल्या बाजूला सरकते ते बघायचं, आणि त्यावरून त्याचा नंबर काढायचा. तुम्हाला ते वीस वर्षं येत होतं, तरी तुम्ही माझ्याकडून सगळं पहिल्यापासून ऐकलंत. "बघ," तुम्ही म्हणालात, "माणूस तोंड उघडत न्हाय, पण डोळं खरं सांगतंय." तुमच्या निवृत्तीनंतर तेरच्या बाजारात दोघांनी मिळून एक खोली घ्यायची, असं आपलं ठरलं होतं. पाटीवर काय लिहायचं त्याच्यावर वाद व्हायचा. डॉक्टर हा शब्द लिहायचा नाही, एवढं एकच पक्कं होतं.

आणि मग मी ते सोडलं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी.

खरं कारण मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही, म्हणून आता सांगते. कॉलेजच्या ओपीडीत एक गृहस्थ चष्म्याचा नंबर काढायला आले होते. डोकं दुखतं म्हणाले, कुठल्यातरी गोदामात हमाली करायचे. मी नंबर काढला, मग शिकवलं होतं तसं आतून डोळा बघितला. डोळ्याची शीर जिथून आत शिरते ती जागा सुजलेली होती, दोन्हीकडं. पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं. ही सूज डोळ्याची नसते, मेंदूकडून आलेली असते, एवढं मला माहीत होतं. मी मॅडमना दाखवलं, त्यांनी पाठ थोपटली, आणि मी कागदावर लिहिलं, पुढील तपासणीसाठी पाठवीत आहे. ते गृहस्थ कागद घेऊन, नमस्कार करून गेले. त्यांचं पुढं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. मला सांगितलं गेलं, आपलं काम झालं. मामा, मला त्या दारातून पलीकडं जायचं होतं. एवढंच होतं ते. हॉस्टेलच्या गच्चीवर बसून मी वर्षभर चोरून नीटचा अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि सरकारी कॉलेजला एमबीबीएसची सीट लागली.

तुम्ही असता तर त्या हमालाच्या घरी जाऊन बसला असता. हे मला तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं. तुम्ही ऑपरेशनला पाठवलेल्या प्रत्येक माणसाची परतीची एसटी कधी येते ते बघून स्टँडवर उभे राहायचा. पट्टी बांधलेली माणसं उतरली की एकेकाचा हात धरून, "किती बोटं? माझा शर्ट कुठल्या रंगाचा?" पाठवून दिलं की काम झालं, असं तुम्ही कधीच मानलं नाही. मग मी तुम्हालाच का नाही विचारलं, की मामा, अशा वेळी काय करायचं? भीती वाटली. तुम्ही म्हणाला असता, जा आणि विचार, आणि मग माझ्याकडं कोर्स सोडायला कारणच उरलं नसतं.

कॉलेजमधून माझे मूळ कागद सोडवायला पालकाची सही लागत होती. म्हणजे तुमची. फोनवर मी फक्त म्हणाले, "मामा, पुण्याला या, एक सही करायचीय." तुम्ही रात्रभराचा प्रवास करून सकाळी दहाला ऑफिसात हजर. क्लार्कनं अर्ज पुढं केला. तुम्ही चष्मा वर करून तो दोनदा वाचलात. माझ्याकडं बघितलं नाहीत. सही केलीत, आणि सही अगदी स्वच्छ केलीत, पूर्ण नाव, खाली तारीख.

मग एसटी स्टँडवर चहा. त्या चहाच्या वेळचं बोलणं मी मनात किती वेगवेगळं करून बघितलंय, सांगू नये.

"सांगायचं तरी, वैजे."

"सांगितलं असतं तर नको म्हणाला असता."

"म्हणलो असतो. मग भांडलो असतो. मग सही केली असती." तुम्ही बशीत चहा ओतलात. "आपलं काम वाईट हाय का?"

"वाईट नाही. पण सगळं येऊन 'पुढं पाठवा' इथंच थांबतं."

"येळंवर पुढं पाठवणं, हेच तर काम हाय. लई जणांला तेवढं बी जमत न्हाय."

इथं मी थांबायला पाहिजे होतं. त्या हमालाचं सांगायला पाहिजे होतं. पण मला चोरी पकडली गेल्याचा राग आला होता, आणि चोर माणूस जरा जास्तच जोरात बोलतो. मी म्हणाले, "मला जन्मभर लोकांना 'मी डॉक्टर नाही' असं सांगत फिरायचं नाहीये."

तुम्ही चष्मा काढलात, शर्टाच्या टोकानं पुसलात, परत लावलात. "व्हय," म्हणालात. "ते खरं हाय." मग म्हणालात, "चहा गार होतोय." धाराशिवची गाडी लागली तेव्हा खिडकीतून हात केलात आणि म्हणालात, "जावा आता, डॉक्टर."

त्या दिवसापासून तुम्ही मला वैजू म्हणाला नाहीत. पाच वर्षं. "काय डॉक्टर, सुट्टी किती?" "डॉक्टरला भाकरी वाढा." "डॉक्टर, मिरगाचं बी-बियाणं आणायला जातोय, येता का?" घरातले सगळे हसायचे, त्यांना ते कौतुक वाटायचं. मी प्रत्येक वेळी कान लावून ऐकायची. चेष्टा आहे का, राग आहे का, का खरंच कौतुक आहे? ज्या माणसानं मला मुक्या डोळ्यातून नंबर काढायला लावलं, त्याच्याच आवाजातला नंबर मला काढता आला नाही.

माफी मागायचा मी दोनदा प्रयत्न केला, खरंच. पहिल्या वर्षाच्या दिवाळीत. तुम्ही ओसरीवर बसून मला डोळ्याच्या खोबणीची हाडं विचारत होता, सातही, आणि मी धडाधडा सांगत होते. तुम्ही म्हणालात, "दिसतंय का, का पाठ केलंय, डॉक्टर?" मला वाटलं आत्ता बोलावं. तेवढ्यात मामी करंज्या घेऊन आल्या. दुसरा प्रयत्न तुमच्या निरोप समारंभानंतर. सगळ्या वक्त्यांनी तुम्हाला डॉक्टर म्हटलं, आणि तुम्ही उत्तराच्या भाषणात माईकवर, हार गळ्यात असताना, "मी डॉक्टर न्हाय, हे तरी आज लिहून घ्या" म्हणालात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी सगळ्यात जोरात. घरी येताना मोटरसायकलवर तुमच्या पाठीमागून मी सुरुवात केली, "मामा, त्या दिवशी मी स्टँडवर…" आणि तुम्ही म्हणालात, "नीट धरा, म्होरं खड्डा हाय."

खड्डा होता, हेही खरं.

एक स्पष्ट सांगते. कोर्स सोडल्याचा मला पश्चात्ताप नाही. आपला तो वाद अजून मिटलेला नाही आणि तुम्ही गेलात म्हणून मी तो तुम्हाला सोडणार नाही. मला दाराच्या पलीकडं जायचं होतं, मी गेले, आणि तिथं मला आवडतं. पण तिथं गेल्यावर काय दिसलं माहिती आहे? आता या आरोग्य केंद्रात दिवसातून दहा वेळा मीच लिहिते, पुढील उपचारासाठी पाठवीत आहे. पलीकडं आणखी एक दार असतं. होळीच्या सुमाराला एका बाईला असं पाठवलं आणि चार दिवसांनी सुट्टीच्या दिवशी एसटीनं तिच्या गावी गेले, काय झालं ते बघायला. ती बरी होती, शेंगा फोडत बसली होती. मला बघून घाबरली, म्हणाली, "काय चुकलं का?" हे मला तुम्हाला सांगायचं होतं. पाडव्याला सांगू म्हटलं.

पाडव्याला आले तेव्हा तुम्ही पंचांग हाताच्या अंतरावर धरून, मग लांब, मग खिडकीकडं नेऊन बघत होता. मी मोबाईलचा उजेड तुमच्या उजव्या डोळ्यात टाकला. बाहुली राखाडी होती.

"मामा, हे काय?"

"हाय थोडा."

"थोडा? ऑपरेशन कधी करताय?"

"करू की. घाई काय हाय?"

मी संतापले. तीस वर्षं लोकांवर ओरडत फिरलात, मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका, ते काय सीताफळ आहे का पिकवायला! आणि स्वतः? मी अर्धा तास भांडले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "तुमची डोळ्याच्या वॉर्डातली ड्यूटी कधी हाय, डॉक्टर?"

"श्रावणात. विषय बदलू नका."

"बरं," म्हणालात, आणि बदललात.

वैशाखात, सकाळी साडेपाचला, दूध आणायला निघालेले तुम्ही उंबऱ्यात बसलात आणि गेलात. छातीत दुखतंय एवढं म्हणायला पण वेळ घेतला नाहीत.

मी पोहोचले तेव्हा तुम्हाला आतल्या खोलीत निजवलेलं होतं. मी आधी नाडी बघितली. हात आपोआप जातो, शिकवलंय तसं. मग उशी, कापूस, पंखा, फोन. तुमचा विकासदादा पुण्याहून गाडीत होता, मुलगा म्हणून त्यानं फोनवर हो म्हटलं. थोरले मामा मात्र आडवे आले.

"डोळं काढायचं? पुढल्या जन्मी आंधळा यील माझा भाऊ. अन् त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, कुणाच्या काय कामाचा?"

"मोतीबिंदू आत असतो," मी म्हणाले. "हे लोक बुबुळावरची पारदर्शक काच घेतात, ती चांगली आहे."

मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोवर रडल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, लोकांच्या लग्नात जाऊन त्यांनी नेत्रदानाचं अर्ज भरून घेतलं. सवताच्या येळंला मागं सरायचं व्हय?" मग माझ्याकडं वळल्या. "अन् त्यो मोतीबिंदू काय उगं राखला न्हाय त्यांनी. म्हणलं, 'श्रावणात आमच्या वैजूची डोळ्याची ड्यूटी हाय, तिच्या म्होरंच करतो, पट्टी तिच्याच हातनं सोडतो.' मला म्हणलं, कुणाला सांगू नको, मलाच हसतील."

वैजूची. मामींनी तुमचाच शब्द सांगितला. तुम्ही माझ्या माघारी मला वैजूच म्हणत होता.

दहाच्या सुमाराला जीप आली. हातात पेटी घेतलेला तरुण माणूस दारात उतरला तशी बाहेर माणसं उठून उभी राहिली, "डॉक्टर आले, वाट द्या." तो उंबऱ्याशी थांबला, चपला काढल्या, आणि म्हणाला, "मी डॉक्टर नाही. मी नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. सरांच्याच हाताखाली शिकलो."

मामा, तो तसाच उभा होता. तुम्ही म्हणताना उभे राहायचा तसा, खांदे सरळ, जरासुद्धा ओशाळलेला नाही.

थोरले मामा म्हणाले, "डॉक्टर न्हाय? मग हात लावू नका. आमच्या घरात डॉक्टर हाय की. वैजे, तू कर काय करायचं ते."

सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं. सोळा-सतरा माणसं, बंद पंखा, आणि मधे तुम्ही.

"मला येत नाही," मी म्हणाले.

"डॉक्टर असून?"

"डॉक्टर असून. हे यांचं काम आहे. मामांनी जन्मभर केलं ते काम. मी ते शिकायला गेले होते आणि अर्ध्यात सोडून आले, म्हणून मला येत नाही." मग माझा आवाज मोठा झाला, मला आवरला नाही. "आणि मी स्टँडवर बोलले ते चुकलं होतं."

कुठलं स्टँड, काय बोलली, कुणालाच कळलं नाही. आईला वाटलं मला भोवळ येतेय, तिनं पाणी आणलं. ते वाक्य कशाचं आहे हे दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाच्या डोळ्यांवर ओला कापूस होता.

थोरले मामा बाजूला झाले. खोली रिकामी केली. त्या माणसानं हात धुतले, पेटी उघडली, फॉर्म काढला. मामींनी अंगठा न लावता सही केली, तुम्हीच शिकवलेली. साक्षीदार म्हणून माझं नाव लिहिताना त्यानं विचारलं, "नावापुढं डॉक्टर लिहू ना मॅडम?"

"भाची लिहा," मी म्हणाले.

आतल्या खोलीतला बल्ब त्याच्या पाठीमागं होता, वाकला की त्याचीच सावली तुमच्या तोंडावर पडायची. "उजेड कमी पडतोय," तो म्हणाला. कोनाड्यात तुमची स्टीलची बॅटरी होती. सेल ताजे होते. तुम्ही निवृत्त झालात तरी सेल बदलत होता.

मी शेजारी गुडघ्यावर बसले आणि उजेड धरला. वीस मिनिटं लागली. हात भरून आला तेव्हा दुसरा हात खाली लावला. उजेड हलला नाही, मामा. एकदासुद्धा नाही.

शेवटी त्यानं तुमच्या पापण्या मिटवल्या, कापसानं कड पुसली. चेहरा होता तसाच होता. "झालं मॅडम," तो म्हणाला. "बॅटरी बंद करा आता."

मी लगेच केली नाही. तो पेटी बंद करेपर्यंत, तुम्हाला वाकून नमस्कार करून बाहेर जाईपर्यंत तशीच धरून बसले. मग बॅटरी बंद केली, आणि उठून पंखा लावला.